शरीर, कान आणि डोळे यांच्या आफियतीची दुआ : सकाळ-संध्याकाळ कशी म्हणावी

सकाळ-संध्याकाळच्या अज्कारमध्ये, म्हणजे अल्लाहच्या स्मरणाच्या शब्दांत, एक अगदी छोटी दुआ (प्रार्थना) आहे. तिच्या तीन ओळी जवळजवळ सारख्याच आहेत, फरक फक्त शेवटच्या शब्दाचा. या ओळींत माणूस अल्लाहकडे आधी सगळ्या शरीराची, मग कानांची, मग डोळ्यांची आफियत, म्हणजे सुरक्षित आणि निरोगी स्थिती, मागतो. दुआ छोटी असल्यामुळे ती लवकर पाठ होते, आणि लवकर पाठ झाल्यामुळेच तिच्यात चुका शिरतात. उच्चार घसरतात, क्रम बदलतो, कुणी संख्या वाढवते, कुणी पाण्यावर फुंकण्याची जोड देते. दुआ जशी आली आहे तशीच, तितकीच, रोज आणि अर्थ समजून म्हणणे एवढेच काम आहे. ते नीट कसे करायचे, हे पुढे सांगितले आहे.

दुआ कुठून आली

ही रिवायत (एकाकडून दुसऱ्याकडे आलेले कथन) सुनन अबू दाऊद या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींच्या संग्रहात, 5090 क्रमांकावर आहे. इमाम बुखारींच्या अल-अदब अल-मुफ्रदमध्ये आणि मुसनद अहमदमध्येही ती आहे. ती सांगणारे अब्दुर्रहमान हे सहाबी (पैगंबरांचे सहकारी) हजरत अबू बकरा (रजि.) यांचे चिरंजीव. त्यांनी वडिलांना विचारले, "अब्बाजान, तुम्ही रोज सकाळी ही दुआ मागताना मी ऐकतो. सकाळी तीनदा आणि संध्याकाळी तीनदा तुम्ही ती म्हणता." वडिलांनी उत्तर दिले, "मी अल्लाहच्या रसूलांना (स.) या शब्दांत दुआ मागताना ऐकले आहे, आणि त्यांच्या सुन्नतीवर चालणे मला प्रिय आहे."

इथे एक गैरसमज आधीच दूर करावा लागतो. हे अबू बकरा म्हणजे पहिले खलीफा हजरत अबू बक्र सिद्दीक (रजि.) नव्हेत. यांचे मूळ नाव नुफैअ. हिजरी 8 मध्ये ताइफला वेढा पडला असताना ते किल्ल्यावरून कप्पीच्या आधाराने खाली उतरले आणि मुसलमानांना येऊन मिळाले. अरबीत कप्पीला बकरा म्हणतात, त्यावरून त्यांना हे नाव पडले. पुढे ते बसरा इथे राहिले. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्रांत ही दुआ अनेकदा "हजरत अबू बक्र सिद्दीक यांची दुआ" म्हणून येते. ते चूक आहे.

सनदीबद्दलही, म्हणजे हदीस सांगणाऱ्यांच्या साखळीबद्दलही, स्पष्ट सांगायला हवे. तिच्यात जाफर बिन मैमून नावाचे रावी (कथन करणारे) आहेत. इमाम नसाई यांनी त्यांना हदीसमध्ये मजबूत मानलेले नाही. शेख नासिरुद्दीन अल्बानी यांनी मात्र ही सनद हसन (स्वीकारार्ह दर्जाची) ठरवली आहे. दुआ आणि अज्कारच्या बाबतीत अशा रिवायतीवर अमल करण्यात उलमांना (धर्मविद्वानांना) अडचण वाटत नाही, आणि सकाळ-संध्याकाळच्या अज्कारच्या संग्रहांत ती आवर्जून घेतली जाते. दुआचा आशय तर इतर सहीह (खात्रीच्या) हदीसांनी अनेक ठिकाणी पक्का केलेला आहे.

दुआचे शब्द

पहिला भाग असा आहे :

अल्लाहुम्म ’आफ़िनी फ़ी बदनी,
अल्लाहुम्म ’आफ़िनी फ़ी सम्’ई,
अल्लाहुम्म ’आफ़िनी फ़ी बस़री,
ला इलाह इल्ला अन्त.

अर्थ : हे अल्लाह, मला माझ्या शरीरात आफियत दे. हे अल्लाह, मला माझ्या श्रवणात आफियत दे. हे अल्लाह, मला माझ्या दृष्टीत आफियत दे. तुझ्याशिवाय कुणीही उपास्य नाही.

याच रिवायतीत दुसरा भाग येतो. इमाम अबू दाऊद यांनी ही हदीस दोन उस्तादांकडून ऐकली होती, आणि त्यांपैकी अब्बास यांच्या कथनात हे शब्द आहेत :

अल्लाहुम्म इन्नी अ’ऊज़ु बिक मिनल कुफ़्रि वल फ़क़्र,
अल्लाहुम्म इन्नी अ’ऊज़ु बिक मिन ’अज़ाबिल क़ब्र,
ला इलाह इल्ला अन्त.

अर्थ : हे अल्लाह, मी कुफ्र (ईमान नाकारणे) आणि दारिद्र्य यांपासून तुझा आश्रय मागतो. हे अल्लाह, मी कबरीच्या यातनेपासून तुझा आश्रय मागतो. तुझ्याशिवाय कुणीही उपास्य नाही. स्त्रियांनी अरबी शब्द बदलायचे नाहीत. अरबीत "मी मागतो" आणि "मी मागते" यांचे रूप एकच आहे.

दोन भाग एकत्र पाहिले की मागणीचा विस्तार लक्षात येतो. शरीर आणि इंद्रिये, मग ईमान, मग रोजीरोटी, मग मृत्यूनंतरचा मुक्काम. एवढ्या कमी शब्दांत माणसाची जवळजवळ सगळी भीती अल्लाहसमोर मांडली जाते.

आफियत म्हणजे फक्त रोग बरा होणे नव्हे. आलेले संकट दूर व्हावे आणि न आलेले येऊच नये, हे दोन्ही त्यात आहे. म्हणून ही दुआ निरोगी माणसाचीही आहे आणि आजारी माणसाचीही. तिर्मिजीत हजरत अबू बक्र सिद्दीक (रजि.) यांची रिवायत आहे : अल्लाहकडे माफी आणि आफियत मागा, कारण यकीननंतर (दृढ विश्वासानंतर) आफियतीहून चांगली गोष्ट कुणालाही दिली गेलेली नाही.

उच्चार : मराठी जिभेला कुठे अडते

देवनागरीत अरबी लिहिले की पूर्ण उच्चार उतरत नाही. वर ’ या चिन्हाने ऐन हे अरबी अक्षर दाखवले आहे आणि नुक्ता दिलेले स़ म्हणजे साद हे जड उच्चाराचे अरबी अक्षर. तरीही खरा उच्चार कानांनीच शिकावा. मस्जिदीतले इमाम, मदरशातले उस्ताद किंवा घरात तजवीद (कुरआन वाचनाचे उच्चारनियम) शिकलेले कुणी असेल तर त्यांच्यासमोर एकदा म्हणून दाखवावे. पण नेमके कुठे लक्ष द्यायचे हे आधी माहीत असले तर शिकणे सोपे जाते.

मराठी बोलणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण ऐन नव्हे, अकार गाळण्याची सवय आहे. आपण "बदली" लिहितो आणि बद्-ली म्हणतो. त्याच सवयीने "बदनी"चे बद्-नी होते आणि "बस़री"चे बस्-री. अरबीत इथे तिन्ही अक्षरे पूर्ण आहेत : ब-द-नी, ब-स़-री. मधला अकार आखूड ठेवा, पण गिळू नका.

"सम्’ई"मध्ये नेमके उलटे होते. इथे म खरोखरच हलन्त आहे आणि त्यानंतर ऐन येतो. लोक त्यात अकार घालतात आणि सम-ई असे सुटे म्हणतात, किंवा ऐन गाळून नुसते समी म्हणतात. सम् म्हणून ओठ मिटा, मग घशाच्या मध्यातून दाब देऊन ई काढा. सुरुवातीला हे जमायला वेळ लागतो. एकटा "सम्’ई" हा शब्द दहा-बारा वेळा वेगळा म्हणा आणि मगच ओळीत घाला.

"’आफ़िनी"मध्ये पहिला आ लांब, मधली फ़ि आखूड, शेवटची नी लांब. तिन्ही सारख्या लांबीने म्हटले की शब्द सपाट होतो, आणि आ आखूड केला तर शब्दच बदलतो. फ़ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. फणसातला फ इथे चालत नाही.

"अल्लाहुम्म" अनेक पुस्तकांत "अल्लाहुम्मा" असे छापलेले असते आणि ते पाहून वाचणारे शेवट लांबवतात. शेवट आखूड आहे, पण म दुहेरी आहे, त्यावर क्षणभर थांबून नाकातून गुंजन यायला हवे. तसेच "इलाह"चे. "ला" लांब, "इलाह"मधला ला लांब, त्यापुढचा ह पूर्ण पण आखूड. कुणी त्याला इलाहा करते, कुणी इलाह् करून ह गिळते. या वाक्यात तौहीद (अल्लाह एकच असल्याची साक्ष) आहे, त्यामुळे ते घाईत म्हणू नये. "ला" लांबवून म्हणा आणि पुढचे शब्द स्पष्ट सोडा. "अन्त"वर थांबताना शेवटचा अकार म्हणायचा नसतो. मराठीत आपण एरवीही तो म्हणत नाहीच, त्यामुळे इथे आपली सवय कामाची आहे.

दुसऱ्या भागात "बिक"मधला क पूर्ण आहे : बि-क. तो हलन्त करून लगेच "मिनल"ला चिकटवू नका. "अ’ऊज़ु"मधला ज़ म्हणजे जाल हे अरबी अक्षर आहे. जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला किंचित बाहेर यावे. "कुफ़्र" नेहमीच्या क ने, "फ़क़्र" आणि "क़ब्र" घशातल्या क़ ने. "क़ब्र"चे कबर करण्याची सवय इतकी जुनी आहे की ती मुद्दाम मोडावी लागते. ब आणि र यांच्यामध्ये अकार नाही.

एक अडचण जोडणीची. "बदनी"नंतर न थांबता पुढची ओळ म्हटली तर अरबी नियमाने नी चा ई आखूड होऊन शब्द पुढच्या "अल्लाहुम्म"मध्ये मिसळतो. ज्यांना तजवीद येत नाही त्यांनी या फंदात पडू नये. प्रत्येक ओळ संपली की थांबा, श्वास घ्या, मग पुढची ओळ. असे केले की मागणीतही ठहराव येतो.

आणि ज्याची जीभ वयामुळे, आजारामुळे किंवा बोलण्यातल्या दोषामुळे वळत नाही, त्याने जमेल तसे म्हणावे. कुरआन अडखळत आणि कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट अज्र (पुण्यफळ) आहे हे सहीह हदीसमध्ये आले आहे. दुआच्या बाबतीत अल्लाह अधिक कडक असेल असे समजण्याचे कारण नाही.

पाठ कशी करावी

आधी साचा पाठ करा : अल्लाहुम्म ’आफ़िनी फ़ी. तो तोंडात बसला की त्यापुढे फक्त तीन शब्द बदलायचे आहेत : बदनी, सम्’ई, बस़री. क्रम सगळ्याकडून विशेषाकडे जातो. आधी पूर्ण शरीर, मग त्यातली दोन इंद्रिये. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे डोळे आधी आणि कान नंतर म्हणणे, कारण मराठीत आपण "डोळे-कान" असेच म्हणत असतो. कुरआनात मात्र या देणग्यांची आठवण दिली जाते तेव्हा बहुतेक ठिकाणी श्रवण आधी आणि दृष्टी नंतर येते, जसे सूरह अन-नहल 78, अल-मुअमिनून 78, अल-मुल्क 23. हे लक्षात ठेवले की क्रम चुकत नाही.

दुसरा भाग त्याच दिवशी उरकायची घाई नको. पहिला भाग आठवडाभर न बघता, न अडखळता येऊ लागला की मग दुसरा घ्या. दोन्ही एकदम घेतल्यावर "मिनल कुफ़्र" आणि "मिन ’अज़ाब" यांत गोंधळ होतो. एकात मिनल आहे, दुसऱ्यात मिन. लहान मुलांना पहिला भागच पुरेसा आहे. शिकवताना बदनी म्हणताना छातीवर, सम्’ई म्हणताना कानाकडे, बस़रीला डोळ्यांकडे बोट दाखवले की मूल अर्थासह शिकते. हा फक्त शिकवण्याचा भाग आहे. मूल शिकल्यावर खुणा सोडून द्याव्यात, नाहीतर त्या दुआचाच भाग वाटू लागतात.

वेळ आणि संख्या

हदीसमधले शब्द साधे आहेत : सकाळ झाली की तीनदा, संध्याकाळ झाली की तीनदा. सकाळची वेळ फजर उजाडल्यापासून सुरू होते, आणि फजरच्या नमाजनंतर सूर्य उगवेपर्यंतचा वेळ सर्वांत चांगला. संध्याकाळबाबत उलमांची दोन मते आहेत. एका मताने असरनंतर (दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर) सूर्यास्तापर्यंत, दुसऱ्या मताने सूर्यास्तानंतर. असरनंतर म्हणायची सवय ठेवली आणि राहून गेले तर मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) म्हणून टाकले, तर दोन्ही मते सांभाळली जातात.

तीनदा म्हणजे काय, यावर नेहमी प्रश्न येतो. प्रत्येक ओळ तीनदा, की पूर्ण दुआ तीनदा? हदीसची मांडणी पाहता "ला इलाह इल्ला अन्त" आल्यावर "तुम्ही ती तीनदा म्हणता" असे शब्द येतात. म्हणजे चार ओळींचा पूर्ण भाग एकदा, मग पुन्हा पूर्ण, मग पुन्हा. "’आफ़िनी फ़ी बदनी" सलग तीनदा म्हणून मग पुढे जाणे रिवायतीशी जुळत नाही. दुसऱ्या भागानंतरही तीनदाचे शब्द पुन्हा वेगळे आले आहेत. त्यामुळे आधी पहिला भाग तीनदा पूर्ण करून मग दुसरा तीनदा म्हणणे मूळ शब्दांच्या जवळचे वाटते. कुणी दोन्ही भाग जोडून तीनदा म्हणत असेल तर त्याला चुकीचे ठरवू नये, संख्या तीच राहते.

मोजण्यासाठी उजव्या हाताची बोटे पुरतात. पैगंबर (स.) तस्बीह हातावर मोजत, असे अबू दाऊदमध्ये अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या रिवायतीत आहे. दोनदा झाले की तीनदा, असा संशय आला तर दोनदा समजून एकदा आणखी म्हणा. संशय रोजचाच असेल तर मात्र त्याकडे दुर्लक्ष करा. सावकाश, थांबत-थांबत म्हटले तरी दोन्ही भाग तीन-तीनदा म्हणायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.

कसे बसावे, काय अट आहे

अट जवळजवळ काहीच नाही. वुजू (नमाजपूर्वी हात-तोंड-पाय धुणे) असणे उत्तम, पण आवश्यक नाही. हजरत आइशा (रजि.) यांची सहीह मुस्लिममधली रिवायत आहे की पैगंबर (स.) सर्व स्थितींत अल्लाहचे स्मरण करत. मासिक पाळीत किंवा बाळंतपणानंतरच्या दिवसांत स्त्रियांनी ही दुआ सोडू नये. जिक्र आणि दुआला त्या दिवसांतही परवानगी आहे, यावर उलमांचे एकमत आहे. अनेक घरांत स्त्रिया त्या दिवसांत सगळेच अज्कार थांबवतात आणि नंतर सवय मोडते, म्हणून हे ठासून सांगावेसे वाटते.

किब्ल्याकडे तोंड करून मुसल्ल्यावर बसलेले असाल तर छानच. चालताना, गाडीत, बिछान्यावर पडूनही चालते. शौचालयात मात्र म्हणू नये. आवाज इतका असावा की जीभ आणि ओठ हलतील आणि शांत ठिकाणी स्वतःला ऐकू येईल. नुसते मनात फिरवणे म्हणजे आठवण झाली, म्हणणे झाले नाही. घरातल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायची गरज नाही, ज्याने त्याने आपापले म्हणावे.

इतर अज्कारसोबत तिची जागा कुठे, याचा ठरलेला क्रम हदीसमध्ये नाही. सोयीसाठी आयतुल कुर्सी, मग सूरह इख्लास, फलक आणि नास तीन-तीनदा, मग "बिस्मिल्लाहिल्लज़ी ला यज़ुर्रु" ही दुआ तीनदा आणि त्यानंतर ही, असा क्रम ठेवला तर संख्या सगळीकडे तीनच राहते आणि विसरायला होत नाही.

जे जोडले जाते आणि जोडू नये

या दुआच्या वेळी बोटांवर फुंकून डोळ्यांवर फिरवणे, कानात बोट घालणे, अंगठे चुंबून डोळ्यांना लावणे यांतले काहीही या रिवायतीत नाही. तळहातांवर फुंकून अंगावर हात फिरवणे सहीह बुखारीत आले आहे, पण ते झोपण्यापूर्वी तीन कुल, म्हणजे सूरह इख्लास, फलक आणि नास, म्हणताना. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करण्याचे कारण नाही.

"अमुक दिवस अमुक वेळा म्हटले की चष्मा जातो", "पाण्यावर दम करून डोळ्यांत घाला" असे संदेश सर्रास फिरतात. संख्या आणि फलप्राप्ती जोडणारे शब्द या हदीसमध्ये कुठेही नाहीत. आणि साधे फुंकलेले पाणी डोळ्यांत घालणे आरोग्याच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे. त्यातून संसर्ग होऊ शकतो, आणि डोळ्याचे ऑपरेशन झालेले असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हा धोका अधिक.

आणखी एक फरक लक्षात घ्यावा. "बिस्मिल्लाहिल्लज़ी ला यज़ुर्रु" या दुआसोबत, ती म्हणणाऱ्याला काही इजा करणार नाही, असे वचन आले आहे. आफियतीच्या या दुआसोबत असे वचन सांगितलेले नाही. ही निव्वळ मागणी आहे. मागणी कशी पुरी करायची हे देणारा ठरवतो. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या रिवायतीत तीन मार्ग सांगितले आहेत : मागितलेले लगेच दिले जाते, किंवा आखिरतसाठी (मृत्यूनंतरच्या जीवनासाठी) राखून ठेवले जाते, किंवा तितकेच एखादे संकट टाळले जाते. यासाठी दुआत पाप किंवा नाते तोडण्याची मागणी नसावी, एवढीच अट आहे.

रोज म्हणूनही आजार आला तर

हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्याच्या ईमानावर शंका घेऊ नये. पहिली गोष्ट, उपचार करणे दुआच्या विरुद्ध नाही. अबू दाऊदमध्ये उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या रिवायतीत पैगंबर (स.) यांचे शब्द आहेत की उपचार करा, कारण अल्लाहने म्हातारपण सोडून असा रोग ठेवला नाही ज्याचे औषध ठेवले नाही. डोळ्यांची आफियत मागणाऱ्याने मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. काचबिंदू बहुधा दुखत नाही आणि गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब मोजून घेणे शहाणपणाचे. अचानक एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटले, प्रकाशाच्या रेषा चमकू लागल्या, किंवा एका कानाने एकाएकी ऐकू येणे बंद झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एका कानाचे ऐकणे अचानक गेले तर उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाल्यासच फायद्याची शक्यता जास्त असते. कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे. आवाज वाढला की हा वेळ झपाट्याने कमी होतो. कानात हेडफोन लावून पूर्ण आवाजात तासन्तास ऐकायचे आणि मग "सम्’ई"ची आफियत मागायची, यात मेळ बसत नाही.

दुसरी गोष्ट, ज्याचे श्रवण किंवा दृष्टी आधीच गेली आहे त्यानेही ही दुआ सोडू नये. उरलेल्या इंद्रियाची, शरीराची आणि मनाची आफियत मागायची आहेच, आणि अल्लाहच्या सामर्थ्याबाहेर काही नाही. सहीह बुखारीत हदीसे कुदसी (अल्लाहचे म्हणणे सांगणारी हदीस) आहे : मी माझ्या बंद्याच्या दोन प्रिय गोष्टी, म्हणजे डोळे, घेऊन त्याची परीक्षा घेतो आणि तो सब्र (संयम) करतो, तेव्हा मी त्याबदल्यात त्याला जन्नत देतो. सब्र म्हणजे मागणे थांबवणे नव्हे. तिर्मिजीत उस्मान बिन हुनैफ (रजि.) यांची रिवायत आहे, त्यात एक अंध सहाबी दृष्टीसाठी दुआ मागायला आले होते. पैगंबर (स.) यांनी त्यांना सब्र अधिक चांगला आहे हे सांगितले, तरी त्यांनी आग्रह धरल्यावर त्यांना दुआ शिकवली. मागण्यावरून रागावले नाहीत.

इंद्रियांपासून संरक्षण

इंद्रिये शाबूत राहावीत ही अर्धी मागणी झाली. त्यांचा वापर वाईटासाठी होऊ नये ही दुसरी अर्धी, आणि तिच्यासाठी वेगळी दुआ आली आहे. हजरत शकल बिन हुमैद (रजि.) यांनी आश्रय मागण्याचे शब्द शिकवा म्हटल्यावर पैगंबर (स.) यांनी हे शब्द शिकवले (अबू दाऊद 1551) :

अल्लाहुम्म इन्नी अ’ऊज़ु बिक मिन शर्रि सम्’ई, व मिन शर्रि बस़री, व मिन शर्रि लिसानी, व मिन शर्रि क़ल्बी, व मिन शर्रि मनिय्यी.

अर्थ : हे अल्लाह, माझ्या श्रवणाच्या, माझ्या दृष्टीच्या, माझ्या जिभेच्या, माझ्या हृदयाच्या आणि माझ्या वासनेच्या वाईटापासून मी तुझा आश्रय मागतो.

हिला सकाळ-संध्याकाळची अट नाही, संख्याही नाही. फोन हातात घेण्यापूर्वी किंवा अशा बैठकीत जाण्यापूर्वी, जिथे कुणाची निंदा होणार हे माहीत आहे, ती एकदा म्हणावी. सूरह बनी इस्राईलच्या 36व्या आयतीत बजावले आहे की कान, डोळे आणि हृदय या प्रत्येकाबद्दल विचारणा होईल. सकाळी या दोन्ही दुआ एकापाठोपाठ म्हटल्या तर दिवसभर काय ऐकायचे आणि काय पाहायचे यावर थोडे तरी भान राहते, असा आमचा अनुभव आहे.

दुसऱ्यासाठी म्हणायचे असेल तर

मूल लहान असेल किंवा आई-वडील आजारी असतील तर "’आफ़िनी" म्हणून चालत नाही. त्यात "मला" आहे. व्याकरण बदलायचे धाडस करण्यापेक्षा आपल्या भाषेत मागावे : या अल्लाह, अब्बांच्या डोळ्यांना आफियत दे. अल्लाह मराठी ऐकतो. मुलांसाठी तर पैगंबर (स.) यांनी हसन आणि हुसैन (रजि.) यांच्याकरिता म्हटलेले शब्द तिर्मिजीत आहेत : उ’ईज़ुकुमा बि कलिमातिल्लाहित्ताम्मति मिन कुल्लि शैतानिंव्व हाम्मतिंव्व मिन कुल्लि ’ऐनिल्लाम्मह. अर्थ : मी तुम्हा दोघांना प्रत्येक सैतानापासून, विषारी जीवापासून आणि वाईट नजरेपासून अल्लाहच्या परिपूर्ण शब्दांच्या आश्रयात देतो. "उ’ईज़ुकुमा" दोन मुलांसाठी आहे. एका मुलासाठी "उ’ईज़ुक" आणि एका मुलीसाठी "उ’ईज़ुकि" म्हणतात.

सुटली तर

फजरला जाग आली नाही आणि उशिरा आठवली, तर आठवेल तेव्हा म्हणावी. इमाम नववी यांनी ठरलेला वजीफा (रोजचा पाठ) सुटल्यास तो नंतर भरून काढण्याचा सल्ला दिला आहे. रात्रीचा वजीफा झोपेमुळे राहिला तर तो फजर आणि जुहर यांच्या दरम्यान म्हटला तरी रात्री म्हटल्यासारखाच लिहिला जातो, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. सकाळची सुटली म्हणून संध्याकाळी सहा वेळा म्हणू नये. संध्याकाळची संध्याकाळी, तीनदाच.

अबान बिन उस्मान यांचा प्रसंग अबू दाऊदमध्ये आहे. ते "बिस्मिल्लाहिल्लज़ी ला यज़ुर्रु"ची हदीस सांगत होते आणि त्यांना अर्धांगवायू झालेला होता. ऐकणारा त्यांच्याकडे टक लावून पाहू लागला. ते म्हणाले, "मी खोटे बोललेलो नाही. पण ज्या दिवशी हा आजार झाला त्या दिवशी मी रागात होतो आणि म्हणायचे विसरलो." अज्कार सुटण्याच्या कारणांत झोप आणि घाई आपण धरतो, रागाकडे लक्ष जात नाही. घरात सकाळी भांडण झाले की आधी हे दोन मिनिटांचे काम उरकून घ्यावे.

तपासणीचा निकाल वाईट आला तेव्हा

अबू बकरा (रजि.) यांच्या याच रिवायतीच्या शेवटी पैगंबर (स.) यांनी संकटात सापडलेल्याची दुआ सांगितली आहे. आफियतीची दुआ पाठ करणाऱ्याने हीही सोबत ठेवावी :

अल्लाहुम्म रह़मतक अर्जू, फ़ला तकिल्नी इला नफ़्सी त़र्फ़त ’ऐन, व अस़्लिह़ ली शअ्नी कुल्लह, ला इलाह इल्ला अन्त.

अर्थ : हे अल्लाह, मी तुझ्याच दयेची आशा धरतो. डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळही मला माझ्या स्वतःच्या हवाली करू नकोस. माझे सगळे काम नीट कर. तुझ्याशिवाय कुणीही उपास्य नाही.

हिला वेळ नाही आणि संख्याही नाही. दवाखान्याच्या बाकावर, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, रात्री झोप येत नसेल तेव्हा, मन भरेपर्यंत म्हणावी. उच्चारात दोनच जागा सांभाळा. "तकिल्नी"मध्ये ल हलन्त आहे, तकिलनी असे सोडून म्हणू नका. आणि "शअ्नी"मध्ये शीनच्या पुढे घशात क्षणभर अडवून मग नी सोडा. ओळींवर थांबायचे असेल तर "अर्जू", "’ऐन" आणि "कुल्लह" या तीन ठिकाणी थांबावे.